मोजपट्टी त्यांची, घसा आमचा

मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं साऱ्या जगाला पेढे वाटले. पाण्याचं टार्गेट मुदतीच्या पाच वर्षं आधीच पुरं झालं म्हणे. १९९० साली जगात शेकडा जेवढ्या लोकांना धड पाणी नव्हतं, ते प्रमाण २०१५ पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरलं होतं. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी हिशेब मांडून सांगितलं, २०१० सालीच फत्ते झाली. शंभरातल्या ८९ माणसांना पाणी पोचलं. उरले फक्त ७८ कोटी.

मग २०१७ साल उजाडलं. त्याच दोन संस्थांनी दुसरा अहवाल काढला. २०१५ चा आकडा त्यात होता. ज्यांच्या घरी सुरक्षित पाणी नाही असे लोक किती? तर २१० कोटी. च्यायला, मधल्या पाच वर्षांत १३० कोटी माणसं तहानेली झाली की काय? कुठं समुद्र आटला? कुठंच नाही. मोजपट्टी बदलली. आधी विचारत होते, तू ज्या विहिरीचं, हापशाचं, नळाचं पाणी आणतोस ते ठिकाण 'सुधारित' आहे का? झाकलेली विहीर असली, हापसा असला की माणूस झाला पाणीवाला. पाणी तपासायचं नाही, वेळ विचारायची नाही. नंतर तीन प्रश्न वाढवले. पाणी दारात येतं का? पाहिजे तेव्हा येतं का? त्यात घाण आणि विष नाही ना? एवढे तीन प्रश्न विचारले आणि १३० कोटी माणसं जमिनीतून वर आली. ती आधीही तिथंच होती, हातात कळशी घेऊन. अहवालात नव्हती एवढंच.

माझं भांडण इथनं सुरू होतं.

आपल्या चळवळीतल्या पोरांत या बाबतीत सध्या दोन टोळ्या पडल्यात. एक टोळी म्हणते, परदेशी पैसा आला, नळ आला, संडास आले, फिरता दवाखाना आला, तुमच्या पोटात का दुखतं? आपलीच शिकलेली पोरं संस्थांच्या नोकरीत हातात टॅब घेऊन वस्त्यांमधून फिरतात. 'मावशी, संडासहून आल्यावर साबणानं हात धुता का' म्हणून विचारतात, खूण करतात, पुढच्या दारात जातात. त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पगार घ्या, पोटभर जेवा. दुसरी टोळी म्हणते, आकडा ही भांडवलदारांची आणि बामणांची भाषा, जाळून टाका सगळे अहवाल. या टोळीत कवी जास्त, म्हणून ती माझ्या जवळची. पण दोघंही शत्रूला पाहिजे तेच करतायत. पहिला त्याच्या वहीत त्याच्या पट्टीनं मोजून देतो. दुसरा वही त्याच्याच हातात ठेवून घरी जातो आणि कविता लिहितो.

बाबासाहेबांनी आकडे जाळले नाहीत. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं साक्ष द्यायला गेले ते लोकसंख्या, मतदार आणि जागा यांचा हिशेब घेऊन. पुढं १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर बसले आणि अस्पृश्यांच्या हालतीची चौकशी केली. त्यांना ठाऊक होतं, आपली गणती दुसऱ्यानं केली की आपण उणे होतो. म्हणून गणतीच्या टेबलावर ते स्वतः जाऊन बसले.

आणि पाण्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठा धडा महाडलाच आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला, की सार्वजनिक पैशातनं बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं खुलं. आता आजची मोजपट्टी घेऊन १९२६ सालच्या महाडात जा. तळं उघडं असतं म्हणून तुमच्या व्याख्येत बसत नसेल तर तळ्याच्या जागी हापसा आहे असं धरा. अंतर? पाच-दहा मिनिटं. मालकी? सार्वजनिक. कायद्यानं बंदी? नाही, उलट ठराव आहे. लिहा मग, महाडच्या अस्पृश्यांना पाण्याची सोय शंभर टक्के. आणि प्रत्यक्षात किती अस्पृश्यांनी त्या पाण्याला हात लावला होता? एकानं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा शून्याचा एक झाला. त्यानंतर डोकी फुटली. मग तळं बाटलं म्हणून सवर्णांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते शुद्ध केलं. बघा, घागरी मोजल्या होत्या त्यांनी! मोजायला ते लोक कधीच चुकत नाहीत. खटला चालत चालत १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाली लागला. ठरावातलं तळं आणि ओंजळीतलं तळं यांच्यात चौदा वर्षं गेली. ही चौदा वर्षं कुठल्याही 'सोय उपलब्ध' या रकान्यात दिसणार नाहीत.

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांना एक आकडा देतो. आपले सुखदेव थोरात, घनश्याम शहा, हर्ष मंदर आणि त्यांचे सोबती यांनी ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांत अस्पृश्यतेची पाहणी केली, २००६ साली ती पुस्तक होऊन आली. जवळपास निम्म्या खेड्यांत, नेमकं सांगायचं तर शेकडा ४८ खेड्यांत, दलितांना पाणवठ्यावर मज्जाव. याच खेड्यांमधल्या विहिरी आणि हापसे जगाच्या आकड्यात 'सुधारित पाणवठा' म्हणून मिरवत होते. तीच खेडी, तीच सालं. एका वहीत सोय आहे, दुसरीत मज्जाव आहे. कारण दुसऱ्या वहीत प्रश्न घालणाऱ्यांत असा माणूस होता ज्याला ठाऊक होतं की काय विचारायचं असतं.

आता जरा लांब जाऊ. बंगालात. ज्या बंगालनं १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडलांच्या धडपडीमुळं बाबासाहेबांना घटना समितीत निवडून पाठवलं, त्याच बंगालात. फाळणी झाली, पूर्वेकडचा भाग पाकिस्तानात गेला, १९७१ साली बांगलादेश झाला. लोक तळ्याचं, डबक्याचं पाणी पीत. पोरं हगवणीनं, कॉलऱ्यानं मरत. युनिसेफ आणि तिथलं सरकार यांनी उपाय काढला: नळी जमिनीत घाला, वर हापसा बसवा. ट्यूबवेल. स्वस्त, सोपी, दिसायला स्वच्छ. लोकांनीही उचलून धरलं, स्वतःच्या पैशानं बसवल्या. लाखांनी ट्यूबवेल झाल्या. प्रत्येक ट्यूबवेल एक आकडा, प्रत्येक आकडा एक शाबासकी. १९९७ साली युनिसेफच्या अहवालानं सांगितलं, २००० सालापर्यंत शेकडा ८० लोकांना 'सुरक्षित' पाणी द्यायचं ठरलं होतं, त्याच्या पुढं गेलो.

त्या पाण्यात आर्सेनिक होतं. सोमल. ज्यानं पूर्वी राजवाड्यात खून करायचे ते.

कुणी मुद्दाम टाकलं नव्हतं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात ते मुळातच होतं, उथळ नळ्या नेमक्या त्याच थरात गेल्या. चव नाही, वास नाही, रंग नाही. आधी हातापायाच्या तळव्यांवर घट्टे येतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके, मग जखमा, मग कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर. पण लगेच नाही. दहा-वीस वर्षं जातात. तोवर अहवाल छापून होतो, अहवाल लिहिणारा बढती घेऊन दुसऱ्या देशात जातो.

आणि हे कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कातडीचे डॉक्टर के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यातला रोगी बघून ओळखलं होतं, हे सोमलाचं विष. काही वर्षांत सरहद्दीपलीकडचे रोगीही त्यांच्याकडं आले. खुद्द बांगलादेशात १९९३ साली पाण्यात आर्सेनिक सापडलं. तरी १९९७ ला पाठ थोपटून घ्यायला कुणाची जीभ अडखळली नाही. १९९२ साली ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं तिथलं पाणी तपासलं होतं, त्यात कितीतरी मूलद्रव्यं बघितली, आर्सेनिक बघितलं नाही. एका रोगी माणसानं विलायतेच्या कोर्टात दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: त्या खात्याचं या माणसाप्रत काही देणं लागत नाही, तेवढा जवळचा संबंध नाही. संबंध नाही! तुमचा अहवाल त्याच्या पाण्याचा, त्याचा घसा त्या पाण्याचा, आणि संबंध नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटेल.

२००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्याच मासिकात ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिलं, इतिहासातली ही सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा. साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात. मग हापसे रंगवायची मोहीम निघाली. विष आहे तो तांबडा, नाही तो हिरवा. सुमारे पन्नास लाख ट्यूबवेल तपासल्या, चौदा लाखांच्या वर तांबड्या निघाल्या. रंग दिला आणि मोजणारे गेले. रंग पावसानं धुतला. खोल, चांगल्या विहिरी खणायचं ठरलं तेव्हा त्या कुठं खणल्या गेल्या? २०१६ साली ह्यूमन राइट्स वॉचच्या लोकांनी जाऊन बघितलं, तर वजनदार माणसांच्या अंगणात. खासदाराच्या मर्जीतल्यांच्या दारात. कागदावर सरकारी विहीर, प्रत्यक्षात पाटलाचा वाडा. नावं बंगाली, गोष्ट आपली.

मला कुणी म्हणेल, ट्यूबवेलमुळं हगवण कमी झाली, पोरं वाचली, ते का सांगत नाहीस? सांगतो. वाचली असतील, कितीतरी वाचली असतील, आणि मला त्याचा आनंद आहे. पण मदतीच्या रजिस्टरात जमेचा रकाना असतो, नुकसानीचा रकानाच नसतो, हे माझं म्हणणं. वाण्याच्या वहीतसुद्धा दोन बाजू असतात.

नुकसानीचा रकाना नसला की काय होतं ते हैतीला विचारा. हैती म्हणजे काळ्या गुलामांनी मालकांना हाकलून १८०४ साली उभं केलेलं राष्ट्र. त्या गुन्ह्याची शिक्षा त्यांना अजून मिळते आहे. जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला, जगभरच्या मदतवाल्यांची तिथं जत्रा भरली. ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. तो आणला संयुक्त राष्ट्रसंघाच्या नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांनी. त्यांच्या छावणीतला मैला नदीला जाऊन मिळाला. रेनो पियारू या फ्रेंच डॉक्टरानं माग काढून दाखवून दिलं. सुमारे दहा हजार माणसं मेली, आठ लाखांच्या आसपास आजारी पडली. संघानं सहा वर्षं हात झटकले. २०१६ साली आपला त्यात हात होता असं कबूल केलं, बान की-मून यांनी माफी मागितली. भरपाईचा दावा अमेरिकेच्या कोर्टानं उडवून लावला, कारण संघावर खटला भरता येत नाही. दुसऱ्याचे हात साबणानं धुतात की नाही हे मोजणारे हे लोक! छावणीचा संडास कुठं जातो हे मोजायला यांच्याकडं माणूस नव्हता.

गोदीत आमच्याकडं टॅली असते. जहाजातून स्लिंग उतरली की टॅली क्लार्क खूण करतो: एवढ्या गोणी. आता गोणी कमी झाल्या, लोखंडाची वेटोळी आणि मोटारी जास्त, पण टॅली तीच. गोण फाटली, निम्मा माल धक्क्यावर सांडला, तरी टॅलीत ती गोण एकच. पुरी. टॅली क्लार्क खोटं लिहीत नाही. त्याचं काम उतरलेली गोण मोजायचं आहे. कुणाच्या चुलीपर्यंत किती गेलं हे त्याला विचारायचंच नसतं. तर मदतवाल्यांची सगळी मोजणी ही टॅली आहे. इतके हापसे, इतके संडास, इतक्या क्लोरीनच्या बाटल्या, इतकी प्रशिक्षणं. धक्क्यावर उतरलं, खूण झाली, जहाज सुटलं.

हापशांचं घ्या. १९७० च्या दशकात आपल्या देशात युनिसेफच्या मदतीनं हापसे बसले, तेव्हा १९७४ च्या सुमाराला कुणीतरी शहाण्यानं जाऊन बघितलं की चालू किती. चारातले तीन बंद! ओतीव लोखंडाचे, घरगुती अंगणासाठी बनवलेले पंप, सगळ्या गावाचा मारा कसा सोसतील? पण या एका खऱ्या मोजणीतून पुढं काहीतरी चांगलं निघालं. आपल्या जालन्याला आणि सोलापूरला मिस्त्री लोकांनी विहिरींवर खपून मजबूत पंप घडवले होते, त्या सोलापूर पंपावरून इंडिया मार्क टू तयार झाला आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला. हे मी अभिमानानं लिहितो, कारण त्यात मिस्त्रीचं डोकं आहे, साहेबाचं नाही. तरीही, २००९ साली आफ्रिकेतल्या वीस देशांचा अंदाज निघाला तेव्हा कुठल्याही घडीला शंभरातले ३६ हापसे बंदच. वॉशर झिजला, साखळी तुटली, सुटा भाग तालुक्याला मिळत नाही. बसवल्याचा फोटो असतो, बंद पडल्याचा फोटो कोण काढणार?

आणि फोटोवरून आठवलं, प्लेपंप. दक्षिण आफ्रिकेत निघालेली चीज. पोरांनी चक्रावर बसून गोल गोल फिरायचं, खालून पाणी वर चढायचं, टाकीवर जाहिराती लावायच्या. खेळता खेळता पाणी! गोऱ्या देणगीदारांना गहिवरून आलं. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २००९ साली लंडनच्या गार्डियन पेपरनं साधा गुणाकार केला. ठरवलेल्या २५०० माणसांना पाणी पुरवायचं तर पोरांनी दिवसाला २७ तास खेळलं पाहिजे. दिवस चोवीस तासांचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरं दमून गेल्यावर ते चक्र कोण ढकलत होतं? बायका. डोक्यावर हंडा घेऊन आलेल्या, पाठीला पोर बांधलेल्या.

आता मोठ्या विद्यापीठांचे लोक म्हणतात, आम्ही टॅलीवाले नाही, आम्ही शास्त्रीय मोजतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना देतो, निम्म्यांना नंतर देतो, मग तुलना करतो. या पद्धतीसाठी २०१९ चं नोबेल मिळालं. अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आई मराठी, म्हणून इकडच्या पेपरांना उकळ्या फुटल्या. पद्धत वाईट नाही. बॅनर्जींबरोबर नोबेल घेणाऱ्या मायकेल क्रेमर यांनी केनियात झऱ्यांची तोंडं सिमेंटनं बांधून बघितली, पोरांची हगवण पाव हिश्शानं कमी झाली. कामाचा आकडा आहे. त्याहून कामाचा आकडा २०१८ चा. बांगलादेश आणि केनिया दोन्हीकडं हजारो गरोदर बायका निवडून त्यांच्या घरी क्लोरीन दिलं, साबण दिला, संडास दिला आणि बघितलं की पोराची उंची वाढते का. पाण्या-संडासानं वाढली नाही. केनियात तर हगवणही कमी झाली नाही. म्हणजे चहूकडं घाण तशीच ठेवून घरात क्लोरीनची बाटली नेऊन ठेवली तर पोर उंच होत नाही. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही म्हातारीनं हे फुकट सांगितलं असतं; पण ठीक, आता इंग्रजीत छापून आलं. संशोधकच म्हणाले, असल्या स्वस्त तुकड्यांनी भागणार नाही, मोठा बदल पाहिजे. हा आकडा आपला आहे. 'गरिबाला स्वस्तातलं पुरे' म्हणणाऱ्या सरकारच्या तोंडावर फेकायला घ्या.

पण याच पद्धतीच्या नावानं काय चालतं तेही बघा. नैरोबीत कायोले-सोवेटो म्हणून झोपडवस्ती आहे. तिथं जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी पाणी कंपनीबरोबर प्रयोग केला, तो २०२० साली छापून आला. घरमालकांनी पाणीबिल थकवलं होतं. चिठ्ठ्या टाकून काहींना नोटीस द्यायची, न भरलं तर त्या चाळीचं पाणी तोडायचं, आणि वसुली वाढते का मोजायचं. मालक बिल भरत नाही, तहान भाडेकरूची. वसुली वाढली. आणि निष्कर्षात असंही आलं, की पाणी कंपनीबद्दल भाडेकरूंचं मत काही बिघडलं नाही, वस्तीत काही चळवळ उठली नाही. शाबास! पाणी तोडून बघितलं, माणसं ओरडली नाहीत, नोंद करा. जगभर बोंब झाली, त्यांनी खुलासे दिले. मी विचारतो, वॉशिंग्टनच्या एखाद्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून पाणी तोडायचं धाडस करतील का हे?

माणसाच्या आयुष्याचाही भाव यांनी काढला. १९९३ साली जागतिक बँकेच्या अहवालात रोगानं वाया गेलेली वर्षं मोजायचं माप आलं. त्यात सुरुवातीला वयाप्रमाणं वजन होतं. पंचविशीच्या आसपासचं वर्ष सगळ्यात महाग, तान्ह्या पोराचं आणि म्हातारीचं स्वस्त. म्हणजे मी सध्या तेजीत आहे. पुढं २०१० च्या हिशेबापासून हे वजन काढून टाकलं, पण सतरा-अठरा वर्षं म्हातारी स्वस्तच होती.

संडासाचा हिशेब राहिला, आणि तिथं मला थांबावं लागेल, कारण ते आपल्या घरचं मरण आहे. ओरिसात पुरी जिल्ह्यातल्या शंभर खेड्यांत पाहणी झाली, २०१४ साली छापली. संडास असलेली घरं शेकडा ९ वरून ६३ वर नेली. रोगराईत फरक शून्य. विद्वानांनी कारणं शोधली: लोक वापरत नाहीत, सवय नाही. खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण, हा प्रश्न कुणाच्या मनात असतो? सगळ्या गावाच्या मनात असतो. उपसणाऱ्याची जात ठरलेली आहे, म्हणून उरलेला गाव खड्डा भरू नये म्हणून शेतात जातो. संडासाचा फायदा मोजणाऱ्या अख्ख्या शास्त्रात खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा श्वास मोजायला रकाना नाही. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत या देशात दहा कोटी संडास मोजले गेले. आणि जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, गेल्या पाच वर्षांत मैला उपसण्यामुळं एकही मृत्यू नोंदलेला नाही. शून्य! २०२३ साली त्यांच्याच खात्यानं संसदेत सांगितलं, २०१८ पासून गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३३९ माणसं मेली. शून्य कसं आणि ३३९ कसं? तर सरकारच्या व्याख्येत गटारात मरणं वेगळं आणि मैला उपसताना मरणं वेगळं. विष तेच, फुप्फुस तेच, जात तीच, रकाना वेगळा. हे उत्तर एखाद्या सदाशिवपेठी मंत्र्यानं दिलं असतं तर मी एवढा भडकलो नसतो. एकेकाळी छातीवर पँथर मिरवलेल्या माणसाच्या सहीनं ते गेलं.

तेव्हा अहवाल जाळू नका. त्यात आपली मेलेली माणसं कुठल्या रकान्यात दडवलीत ते शोधा. आणि टॅबवाल्या मित्रांनो, तुमच्या टॅबमध्ये जे प्रश्न नाहीत ते वहीत लिहून घ्या. नळ कुणाच्या दारात आहे? चावी कुणाकडं असते? आधी कोण भरतं आणि आपल्या बाया किती वेळ उभ्या असतात? बंद पडला तर किती दिवस बंद होता, आणि सवर्णांच्या आळीतला किती दिवस? पाणी तपासलं का, कुणी, कागद कुठं आहे? दवाखान्यात डॉक्टर हात लावून तपासतो का लांबून? खड्डा कोण उपसतं, त्याला काय दिलं, त्याच्या अंगावर काय होतं? या योजनेनं कुणाचं काही बिघडलं का? जात लिहा. लाजू नका. ते लाजत नाहीत. आणि भरलेली वही पहिल्यांदा वस्तीतच वाचून दाखवायची, चुकलं तर बायका तिथंच सांगतील. संस्थेला, महापालिकेला, पेपरवाल्याला नक्कल नंतर.

याच महिन्यात आपण मुंबईतल्या दोन वस्त्यांपासून सुरुवात करतोय. महापालिकेच्या हिशेबात झोपडीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्याला १३५. आपण ४५ सुद्धा खरंच येतं का ते हंड्या-कळशीनं मोजणार आहोत. पहाटे पाणी सुटायच्या आधी नळावर हजर पाहिजे, म्हणजे साडेतीनला. रात्रपाळीवाल्यांनी थेट गोदीतून, गिरणगावातून यावं. येताना शंभर पानी वही आणि एक लिटरचं माप आणा. ज्यांच्याकडं टॅब आहे त्यांनी टॅबही आणावा, चार्ज करून.